अनुभव धागा : कायदा होता. तो लावून घेताना काय झालं?

1930 मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून दारात सत्याग्रहाला बसलेल्यांच्या हाती कायदा नव्हता. आपल्या हाती आहे. अस्पृश्यता बंद करणारं घटनेचं कलम 17 आहे, 1955 चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे, अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचारांविरुद्धचा 1989 चा अ‍ॅट्रॉसिटी आहे आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धचा 2016 चाही आहे. मी पंचवटीत राहते, लोकांना तक्रारी लिहायला मदत करते. कोर्टात जायच्या आधी पोलीस ठाण्याच्या टेबलावरच किती प्रकरणं मरतात, हे बघून जीव तुटतो. तिथे तुमचं काय झालं ते लिहा. माणसाचं, कंपनीचं, ठाण्याचं नाव नको.

सातपूर, कंपनीत कामाला
सुपरवायझर अख्ख्या लाइनसमोर जातीवरून बोलला. शब्द इथे लिहीत नाही. संध्याकाळी आत्याला घेऊन ठाण्यात गेलो. अंमलदार म्हणाले, "एनसी (अदखलपात्र नोंद) घेतो, उद्या त्याला बोलावून समज देतो." आत्या सातवी शिकलेली. ती म्हणाली, "मग गुन्हा घेत नाही असं लिहून द्या साहेब." मोठे साहेब येईपर्यंत आम्ही बाकावरून हललो नाही. शेवटी फिर्याद घेतली, पण कागदावर नुसतं 'शिवीगाळ केली' एवढंच. आत्या म्हणाली, वाचून दाखवा. वाचल्यावर कळलं, जातीचा उल्लेख नाही, कोण कोण हजर होतं तेही नाही. ते सगळं घालून घेतलं, मगच सही केली. तपास एसीपींकडे गेला, दोषारोपपत्रही दाखल झालं. आता अडचण वेगळी आहे. साक्षीदार दोघेही कंत्राटी कामगार. एकाचं कंत्राट संपवलं, दुसरा माझा फोन उचलत नाही.

धागा सुरू करणारी
आत्यांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी मागितलं ते कायद्यातच आहे. तोंडी फिर्याद लिहिल्यावर ती वाचून दाखवणं आणि प्रत लगेच देणं हे अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम 4 प्रमाणे पोलिसांचं कर्तव्य आहे. जाणूनबुजून टाळलं तर शिक्षा 6 महिने ते 1 वर्ष. 2018 मध्ये आलेल्या 18-अ मुळे गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची अटही नाही. आणि अपमान लोकांच्या नजरेसमोर झाला हे फिर्यादीत आलंच पाहिजे. नावं गळली की पुढे वकील तिथेच बोट ठेवतो.

इंदिरानगर, आता वडाळ्यात
माझ्याकडे सांगण्यासारखा गुन्हाच नाही, म्हणून लिहितोय. फ्लॅट पसंत पडला, टोकन द्यायला गेलो, आधार कार्डावरचं नाव वाचून एजंट म्हणाला, "भाऊ, सोसायटीत चालत नाही." बायको शेजारीच उभी होती. वकिलांना विचारलं. घटनेचं कलम 15 दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते यांबद्दल बोलतं, खासगी घरमालकाबद्दल नाही. फ्लॅट विकत घेऊन सभासदत्व नाकारलं असतं, तर सहकार कायद्याच्या कलम 23 खाली निबंधकाकडे अपील करता आलं असतं. त्यातही 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीला फक्त पारशी सभासद घेण्याची मुभा दिली आहे. भाडेकरूला तर अपीलही नाही. आम्ही नाशिकचेच, तीन पिढ्यांपासून.

कॉलेज रोड, पार्लरमध्ये काम
माझी मैत्रीण नागालँडची. गिऱ्हाईक तिला चेहऱ्यावरून आणि जमातीवरून सगळ्यांदेखत घाण बोललं. ठाण्यात म्हणाले, "तिकडचा एसटी दाखला इथे चालत नाही." अ‍ॅट्रॉसिटीपुरतं हे खरं नाही. 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सांगितलंय की माणूस राज्य ओलांडून आला म्हणून या कायद्याचं संरक्षण जात नाही. निकालाची प्रत घेऊन परत गेलो, तेव्हा गुन्हा नोंदला. पण तिच्यासारखी जी मुलगी एसटी नसेल तिने काय करायचं? दिल्लीत अरुणाचलच्या निडो तानिया या विद्यार्थ्याचा जीव गेल्यावर नेमलेल्या बेझबरुआ समितीने 2014 मध्ये वांशिक शेरेबाजीसाठी वेगळं कलम सुचवलं होतं. ते आजही आलेलं नाही. याचा मला फार राग येतो.

शरणपूर
आमचे पणजोबा ख्रिस्ती झाले. गावाकडे अजून जुन्याच जातीने हाक मारतात, पाणी वरून ओततात. पण 1950 च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस हिंदू, शीख किंवा बौद्धच असू शकतो. ठाणेदार सभ्य होते, त्यांनी पुस्तक उघडून दाखवलं. अ‍ॅट्रॉसिटी लागला नाही.

सिडको
दुसऱ्या जातीत लग्न केलं म्हणून पंचांनी आईवडिलांना वाळीत टाकलं, मयतीलाही कोणी येईना. पोलीस म्हणाले, "ताई, हा तुमच्या समाजातला प्रश्न." 2013 मध्ये याच शहरात आंतरजातीय लग्नावरून बापाने गरोदर मुलीला मारलं, तेव्हाही आधी समाजातलाच प्रश्न होता. मी 2016 च्या कायद्याची मराठी प्रत पुढे ठेवली: गुन्हा दखलपात्र, शिक्षा 3 वर्षांपर्यंत, दंड 1 लाखापर्यंत. जामीनपात्र असल्याने पंच लगेच सुटले. तरी पंचांची दंडाची मागणी थांबली, चुलते घरी येऊ लागले.

धागा सुरू करणारी
सातपूरच्या दादा, अ‍ॅट्रॉसिटीच्या कलम 15-अ खाली साक्षीदारालाही संरक्षण आणि प्रवासखर्च मागता येतो. विशेष न्यायालयात अर्ज करा, कंत्राट संपवल्याची तारीख त्यात घाला. मसुदा लागला तर मी लिहून देते. ज्यांचे साक्षीदार शेवटपर्यंत टिकले त्यांनी कसे टिकले ते जरूर लिहा, ते अजून इथे कोणीच लिहिलेलं नाही.