नेट न्यूट्रॅलिटी: सीमाभागातल्या मराठी माणसाला काय देणंघेणं?

शहापूरकर:
नेट न्यूट्रॅलिटी म्हणजे कोणतीही साईट उघडा, वेग आणि दर सारखाच. व्हिडिओ आणि चॅटवाल्या बड्या कंपन्यांनी नेटवर्कच्या खर्चात वाटा द्यावा, ही टेलिकॉम कंपन्यांची जुनी मागणी. "गूगल देईल, आपलं काय जातंय" म्हणून सोडू नका. कोणती साईट उघडली यावरून डेटाचा दर बदलायला टेलिकॉमवर देखरेख करणाऱ्या ट्रायनं ८ फेब्रुवारी २०१६ ला बंदी घातली. ती नसती तर स्वस्त पॅकमध्ये काय घालायचं ते कंपनीनं सर्कल, म्हणजे मोबाईल सेवेचा विभाग, बघून ठरवलं असतं. आपलं सर्कल कर्नाटक. बेळगाव-निपाणीच्या छोट्या मराठी बातमी-साईटचा तिथं कोण विचार करणार होतं? वाट्याची पद्धत सुरू झाली की देणाऱ्याची साईट पळणार, न देणारी रखडणार.

खानापूरकर:
नाही पटत. जांबोटी-कणकुंबीकडं पावसाळ्यात या. लाईट गेली की रेंजही जाते. जंगलात टॉवर फुकट उभा राहत नाही. ज्यांच्या व्हिडिओंनी नेटवर्क भरतं, त्यांनी भार उचलला तर बिघडलं कुठं?

शहापूरकर:
रेंजचं दुखणं खरंच आहे. पण तो पैसा कणकुंबीलाच येईल कशावरून? खेड्यांतल्या टॉवरसाठी टेलिकॉम कंपन्यांच्या महसुलातून निधी जमतोच, आता त्याला डिजिटल भारत निधी म्हणतात. टॉवर त्यातून मागूया.

वडगावकर:
आमचे काका विणकर. साडीचा काठ व्हिडिओ कॉलवर व्यापाऱ्याला दाखवतात: आधी उजेडात धरून, मग उलटी बाजू. रंग पसंत पडला तरच पुढची साडी मागावर. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलनं इंटरनेट कॉलला वेगळे पैसे लावायचं जाहीर केलं होतं. लोक भडकले म्हणून मागं घेतलं. डेटाचे पैसे एकदा भरलेत, कॉलचे परत का भरायचे?

निपाणीकर:
आणि त्या बंदीनं फ्री बेसिक्स, म्हणजे निवडक साईट फुकट दाखवणारी फेसबुकची योजना, घालवलीत त्याचं काय? इथं विड्या वळणाऱ्या बायकांना आरोग्याची, नोकरीची माहिती तरी फुकट मिळाली असती. काहीच नसण्यापेक्षा थोडं बरं.

शहापूरकर:
त्यांनी काय वाचायचं ते फेसबुकनं का ठरवावं? बंदीच्याच वर्षी, २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, तोही अख्ख्या इंटरनेटचा.

निपाणीकर:
तो स्पर्धेमुळं, नियमामुळं नव्हे. आता खासगी कंपन्या तीनच उरल्यात.

शहापूरकर:
तीनच उरल्यात म्हणून तर नियम जास्त लागतो. एकीनं साईट रखडवली तर जायचं कुणाकडं?

खानापूरकर:
वाट्याबद्दल माझं मत तेच आहे. पण निधीतून टॉवर मागायचा अर्ज लिहून द्या, ग्रामपंचायतीत मी मांडतो.