मदत हवी आहे: लॅब्रॅडॉरच्या कोपरासाठी एक्स-रे पुरेसा आहे की सीटी स्कॅन करावा?

नमस्कार. आमची लॅब्रॅडॉर मादी दहा महिन्यांची आहे. झोपून उठल्यावर ती पुढच्या डाव्या पायाने लंगडते, तो पाय टेकताना दरवेळी मान वर उचलते आणि उभी असताना त्याचा पंजा बाहेर वळवून ठेवते. पशुवैद्यांनी कोपर पूर्ण दुमडताच तिने पाय ओढून घेतला. एक्स-रेमध्ये सुटलेला तुकडा दिसत नाही, मात्र अल्ना या पुढच्या पायाच्या हाडाच्या, कोपरातील खाचेलगत हाड दाट झालेले त्यांनी दाखवले आणि एल्बो डिसप्लेजियाची (कोपराचा सांधा नीट न घडण्याच्या आजाराची) शंका व्यक्त केली.

एक्स-रेमध्ये हाडांच्या सावल्या एकमेकींवर पडत असल्यामुळे कोरोनॉइडचा (अल्नाच्या कोपरातील टोकाचा) लहानसा तुकडा झाकला जाऊ शकतो, तर सीटी स्कॅनच्या पातळ छेदांत तो बराच स्पष्ट दिसतो, हे मला पटते. परंतु स्कॅनसाठी तिला भूल द्यावी लागेल आणि त्याचीच अधिक काळजी वाटते. हा आजार पुष्कळदा दोन्ही बाजूंना असतो, म्हणून उजवा पाय ठीक वाटत असला तरी दोन्ही कोपरे तपासावीत, असे माझे मत आहे. या जातीत खुब्याचा डिसप्लेजियाही आढळत असल्याने त्याच भुलीत खुब्यांचे एक्स-रे काढून घेणे योग्य ठरेल का?

ज्यांनी आपल्या कुत्र्याचा असा स्कॅन केला आहे, त्यांनी भुलीपूर्वी कोणत्या रक्ततपासण्या झाल्या, अहवालामुळे शस्त्रक्रियेचा निर्णय बदलला का, आणि पुणे किंवा मुंबईत ही सोय कुठे आहे, हे कृपया सांगावे.