साठीनंतर स्नायू टिकवायला अँटिऑक्सिडंट गोळ्या घ्याव्यात का?

चौकस:
उतारवयात स्नायू झिजतात त्यामागे मायटोकॉन्ड्रियातला (पेशीतल्या ऊर्जाघरांतला) ऑक्सिडेटिव्ह ताण, म्हणजे ऑक्सिजनच्या आक्रमक रेणूंनी होणारी इजा, हे एक कारण सांगतात. मग वजनं उचलण्याच्या व्यायामाबरोबर अँटिऑक्सिडंट म्हणून रोज 1000 मिग्रॅ क जीवनसत्त्व आणि जोडीला ई घेतलं तर फायदा होईल का?

पेशीपुराण:
व्यायाम चालू असेल तर एवढी मात्रा नकोच. ऊर्जा तयार होताना मायटोकॉन्ड्रियातल्या कॉम्प्लेक्स 1 आणि 3 या प्रथिनसमूहांपाशी थोडे इलेक्ट्रॉन निसटतात, ऑक्सिजनला जाऊन मिळतात आणि सुपरऑक्साइड हा तसाच आक्रमक रेणू बनतो. वय वाढतं तशी ही गळती वाढते आणि नादुरुस्त मायटोकॉन्ड्रियाची साफसफाई मंदावते. इथवर तुमचं बरोबर. पण व्यायामात तात्पुरती वाढणारी गळती हा पेशीला मिळालेला निरोप असतो. त्यावर पीजीसी-1 अल्फा हे नियंत्रक प्रथिन जागं होतं, नवे मायटोकॉन्ड्रिया तयार होतात, सुपरऑक्साइड निकामी करणाऱ्या एसओडीसारखी घरचीच विकरं (एन्झाइम) वाढतात. गोळीने निरोपच पुसला जातो. 2009च्या एका प्रयोगात तरुणांना 4 आठवडे व्यायामासोबत रोज 1000 मिग्रॅ क आणि 400 आययू (जीवनसत्त्वं मोजायचं आंतरराष्ट्रीय एकक) ई दिलं. व्यायामाने सुधारणारी इन्सुलिन संवेदनशीलता (इन्सुलिनला शरीर किती चांगला प्रतिसाद देतं ते) त्यांच्यात सुधारलीच नाही. फळं-भाज्या खुशाल खा, आक्षेप मोठ्या मात्रेला आहे.

लोखंडी:
व्यायामातही बहुतेकांचं घोडं एकाच जागी पेंड खातं: तेच हलकं वजन महिनोन्महिने. वयानुसार आधी झिजतात ते स्नायूंतले जलद, जोर लावणारे तंतू, आणि हलक्या, आरामात संपणाऱ्या सेटमध्ये त्यांना फारसं कामच लागत नाही. 8 ते 12 वेळा उचलता येईल असं वजन घ्या. आणखी दोनदाच जमेल असं वाटलं की सेट थांबवा. 12 सहज व्हायला लागले की वजन वाढवा. आठवड्यात 2-3 दिवस, मध्ये एक दिवस सोडून. प्रथिनं शरीराच्या वजनाच्या किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम, तीन जेवणांत विभागून. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

चौकस:
आणि युरोलिथिन ए? त्याची जाहिरात जोरात आहे.

पेशीपुराण:
डाळिंबासारख्या पदार्थांपासून आतड्यातले जीवाणू बनवतात तो हा पदार्थ. नादुरुस्त मायटोकॉन्ड्रियाच्या साफसफाईला हातभार लावतो, एवढं खरं. 2022च्या चाचणीत ज्येष्ठांना 4 महिने रोज 1000 मिग्रॅ दिलं. हातापायाच्या ठरावीक स्नायूंचा दम वाढला, पण 6 मिनिटांत चालून होणाऱ्या अंतरात प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा) ठळक फरक पडला नाही.

लोखंडी:
त्यापेक्षा फुकटची चाचणी करा. हात छातीवर घडी करून खुर्चीतून 5 वेळा उठा-बसा. स्नायूंची झीज ओळखण्याच्या 2019च्या आशियाई निकषानुसार 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पुढची तपासणी करावी. खुर्ची मात्र भिंतीला टेकवा, नाहीतर मागे सरकते.