मदत हवी आहे: ‘मास’ हॉलमध्ये दाखवायला परवाना कुठून काढायचा?

मंडळी, आमच्या कट्ट्यातर्फे कोल्हापुरात दिग्दर्शक फ्रॅन क्रान्झचा ‘मास’ (2021) हा इंग्रजी सिनेमा दाखवून चर्चा घ्यायचीय. शाळेतल्या गोळीबारात गेलेल्या मुलाचे आईबाप आणि गोळ्या घालणाऱ्याचे आईबाप चर्चच्या खोलीत एका टेबलाभोवती बसतात. गोळीबार दिसतच नाही, सगळं बोलण्यात. त्यामुळे मराठी सबटायटल लागणारच. ती आम्ही करतोय.

दसरा चौकात शाहू स्मारकला घ्यायचा विचार आहे. तिकीट नाही, माणसं साठेक. घरी बघायची डीव्हीडी किंवा ओटीटी अशी लावता येत नाही, हे माहीत आहे. निर्मात्यांना मेल केला, उत्तर नाही. ‘लावा की, कोण बघतंय’ हा सल्ला आधीच भरपूर मिळालाय!

परदेशी सिनेमाच्या अशा एकाच खेळाचा परवाना इथून कुणी काढलाय का? कुणाकडून, आणि साधारण किती पैसे पडले?