घरच्यांवरचे जोक आणि दुधाची पिशवी
कुणीतरी म्हटलंय की स्टँडअप कॉमेडीवाले घरच्यांवर जोक करून, त्यांना विकून टाळ्या खातात, थोडं पटलं, पण सगळं न्हाई. मी कोल्हापुरात तीनेक वर्षं ओपन माईक, म्हणजे कुणीही स्टेजवर चढून जोक सांगायचे तसले कार्यक्रम, करतोय (पोटापाण्याला नोकरी हाय, घाबरू नका). माझा हमखास चालणारा जोक एकच, आमचे पप्पा गोकुळ दुधाची पिशवी रिकामी झाली की आत घोटभर पाणी घालून विसळतात आणि ते पण चहात ओततात, यावर लोक लई हसतात कारण घराघरात हेच चालतंय. एकदा पप्पाच येऊन बसले, शेवटच्या रांगेत, मांडीवर भाजीची पिशवी. माझी जाम फाटली, तो जोकच गाळला आणि पाच मिनिटं पार पाण्यात. परत येताना गाडीवर मागनं म्हणतात, "दुधाचं का न्हाई सांगितलंस रं?" आईनं कधीच फोडलं होतं वाटतं.

आता तो जोक ते स्वतःच पाहुण्यांना सांगतात, माझ्यापेक्षा टायमिंग भारी. पण ऑगस्ट २०२४ मध्ये आमच्या कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ चं, त्या रात्री पप्पा मोबाईलवर ते व्हिडिओ बघत गप्प बसलेले, त्यावर मला अजून एक ओळ लिहिता आलेली न्हाई.