सवलत मंजूर, तरी फी पूर्ण भरा: गरजू मुलांनी पैसे आणायचे कुठून?

कळवेकर
माझ्या भाच्याला यंदा कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) फेरीतून नवी मुंबईतल्या एका विनाअनुदानित कॉलेजात इंजिनिअरिंगला जागा मिळाली. त्याचे वडील वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात हेल्पर आहेत. खुला प्रवर्ग, उत्पन्न ८ लाखांच्या खूप खाली, म्हणजे राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मं शिक्षण शुल्क सरकार भरणार. ऑफिसात मात्र सांगितलं, "आत्ता पूर्ण भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ." बहिणीने पतपेढीतून कर्ज काढलं. पावती माझ्यासमोर आहे: शिक्षण शुल्क, विकास शुल्क, अनामत, सगळं पूर्ण, आणि खाली पेनने लिहिलंय ‘शिष्यवृत्ती आल्यावर परतावा’. तारीख नाही, रक्कम नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला मदत लागते ती प्रवेशाच्या दिवशी. पुढच्या वर्षी येणारे पैसे पतपेढीचं व्याज भरत नाहीत. पात्र मुलाकडून सरकारच्या वाट्याचा एक रुपयाही आधी घेता कामा नये, आणि जे कॉलेज घेईल त्याच्यावर कारवाई झाली पाहिजे.

लेखापाल
कळवेकर, ठाण्यातल्या एका विनाअनुदानित कॉलेजात मी हिशेब सांभाळतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. तुमच्या बहिणीचा त्रास खरा आहे, पण तुम्ही बोट चुकीच्या माणसाकडे दाखवताय. आम्हाला सरकारी अनुदान नाही. प्राध्यापकांचे पगार दर महिन्याला करावे लागतात, आणि महाडीबीटीचे, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरून येणारे, हप्ते वर्ष उलटून गेल्यावरही येतात. तोवर पगार कुठून द्यायचे?

शिवाय अर्ज मंजूर होईलच याची खात्री कुणी द्यायची? मुलं अर्ज भरतात आणि विसरतात. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपलेला असतो. आधार बँक खात्याला जोडलेलं नसतं. त्रुटी दाखवून अर्ज परत पाठवला तर तो महिनोन्‌महिने मुलाच्या लॉगिनमध्ये पडून राहतो. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत (दहावीनंतरच्या शिक्षणासाठीच्या) आता केंद्राचा ६० टक्के वाटा थेट मुलाच्या खात्यात येतो, तो घरखर्चात गेला की आम्ही मागायचा कुणाकडे? आधी घेतली नाही तर फी बुडते, हा अनुभव आहे.

घणसोलीकर
मी बँकेत आहे. दोघांनाही विचारतो, शैक्षणिक कर्जाचा पर्याय इतका नकोसा का? ४ लाखांपर्यंत तारण नाही, मार्जिन (स्वतःच्या खिशातून घालायचा वाटा) नाही. साडेसात लाखांपर्यंतही तारण मागत नाहीत. हप्ता सुरू होतो अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि व्यावसायिक अभ्यासक्रम मान्यताप्राप्त संस्थेत असेल तर तोवरचं व्याज केंद्र सरकार भरतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी या केंद्राच्या कर्ज योजनेत निवडक दर्जेदार संस्थांसाठी जामीनदारही लागत नाही. ओबीसी महामंडळाची व्याज परताव्याची योजना वेगळी आहे. पतपेढीपेक्षा हे कितीतरी स्वस्त. आणि मूल स्वतःच्या नावावरचं कर्ज फेडतं तेव्हा अभ्यासही मनावर घेतं, असं मला मनापासून वाटतं.

सानपाडा
घणसोलीकर दादा, शेवटचं वाक्य पटलं नाही. मी घरातली पहिली पदवीधर. आई चार घरची धुणीभांडी करते. अभ्यास मनावर घ्यायला मला डोक्यावर कर्ज लागलं नाही.

हिशेब करा. ४ लाख, १० टक्के व्याज, १० वर्षं, म्हणजे महिना साधारण ५,३०० रुपये. पहिल्या नोकरीचा पगार, त्यातून घरभाडं, लोकलचा पास, धाकट्या भावाची फी, आणि मग हा हप्ता. ज्याचे वडील फी भरू शकतात तो मुलगा नोकरीची सुरुवात शून्यापासून करतो, आम्ही उणे चार लाखांपासून. याला संधीची समानता कसं म्हणायचं?

आणि सगळे इंजिनिअर होत नाहीत. माझी मैत्रीण ऐरोलीहून बीए करते. फी फार नाही, तिला अडतं ते प्रवास, पुस्तकं आणि दुपारच्या जेवणावर. २०२४-२५ पासून पात्र मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं, चांगलंच झालं, पण ते व्यावसायिक अभ्यासक्रमांना. तिला उपयोग झाला तो वडिलांच्या बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीचा. पदवीसाठी वर्षाला २०,००० मिळतात, इंजिनिअरिंगला ६०,०००. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे? महापालिकेच्या समाजविकास विभागाची शिष्यवृत्ती आहे, प्रकल्पग्रस्तांच्या मुलांना सिडकोचं विद्यावेतन आहे. ठाण्यातलं विद्यादान सहायक मंडळ तर पैशाबरोबर माणूसही पाठीशी उभा करतं. कर्ज सर्वांत शेवटी यावं.

घणसोलीकर
हप्त्याचा आकडा बरोबर आहे. पण सानपाडा ताई, अशा मदत करणाऱ्या संस्थांच्या जागा मोजक्या असतात. बाकीच्यांनी थांबायचं का? चांगली शाखा सोडून घरी बसण्यापेक्षा ५,३०० परवडले, यावर मी ठाम आहे.

कळवेकर
लेखापाल, मुलं अर्ज विसरतात म्हणता. प्रवेशाच्या दिवशी अर्धा तास बसवून अर्ज भरून घेणारा एक माणूस नेमला तर किती अर्ज परत येतील? भाच्याला ऑफिसात कुणी महाडीबीटीचं नावही घेतलं नव्हतं. पैसे घ्यायला खिडकी होती, अर्जाला नव्हती. हप्ता उशिरा येतो हे मान्य. पण तो उशीर सोसायची ताकद कुणाची जास्त, संस्थेची की वागळे इस्टेटमधल्या हेल्परची? कॉलेजला बँक ओव्हरड्राफ्ट (खात्यात नसलेले पैसेही उचलायची मुभा) देते. माझ्या बहिणीला कोण देणार?

लेखापाल
मोठ्या शिक्षणसंस्थेला ओव्हरड्राफ्ट मिळतो, छोट्या ट्रस्टला नाही. त्यामुळे सरसकट कारवाईला माझा विरोधच आहे. सरकारने निम्मा हप्ता सप्टेंबरमध्ये दिला तर आमच्यासारखे आगाऊ मागणारच नाहीत.

खिडकीचा मुद्दा मात्र बरोबर आहे, तो मी आमच्याकडे मांडतो. तुमच्या भाच्यासाठी एवढं करा: त्या पावतीवर विसंबू नका. परताव्याची रक्कम आणि मुदत लिहून द्या असा लेखी अर्ज प्राचार्यांच्या नावे द्या, आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. हप्ता मंजूर झाला की त्याच्या लॉगिनमधून तो रिडीम करावा, म्हणजे वळता करून घ्यावा लागतो, ते राहिलं तर पैसे अडकतात. उत्पन्नाचा दाखला एप्रिलमध्येच नवा काढून ठेवा. जूनमध्ये तहसील आणि सेतू केंद्रात उभं राहायला जागा नसते.

सानपाडा
कळवेकर काका, अर्जाचा क्रमांक कळवलात तर नूतनीकरणाच्या वेळी मी भाच्याबरोबर बसते. दुसऱ्या वर्षी नव्याने नाही, जुन्याच लॉगिनमधून नूतनीकरण करायचं असतं. दोन लॉगिन झाले की अर्ज अडकतो.

कळवेकर
व्यक्तिगत निरोपात पाठवतो. लेखापाल, लेखी अर्ज सोमवारीच देतो. पोच दिली नाही तर उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे तक्रार करणार, आणि ती करताना कॉलेज छोटं की मोठं हे मी बघणार नाही.