कॅंटिलिव्हर ब्रेकची सायक्लोक्रॉस सायकल: ओल्यात ब्रेक लागत नाही, पुढचा फोर्क थडथडतो, काय बदलू?

चिखलवाट
नमस्कार मंडळी. माझ्याकडे जुनी सायक्लोक्रॉस सायकल (चिखल-गवतातल्या शर्यतींची) आहे, ॲल्युमिनियमची फ्रेम, कार्बनचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), कॅंटिलिव्हर ब्रेक (दोन बाजूंचे आर्म मधल्या केबलने वर खेचून चाकाच्या रिमवर पॅड दाबणारे) आणि लिव्हर रोड सायकलचेच, ब्रेक-गिअर एकत्र असलेले. कोरड्यात ठीक चालतं, पण ओल्या गवतावर किंवा चिखलात ब्रेक दाबला की आधी काहीच होत नाही आणि मग एकदम पकडतो. त्याहून वाईट म्हणजे पुढचा ब्रेक जोरात दाबला की अख्खा फोर्क पुढे-मागे थडथडायला लागतो. गेल्या आठवड्यात एका उतारावर इतका थडथडला की हॅंडल हातातून सुटतंय असं वाटलं, घाबरून पुढचा ब्रेक सोडला आणि वळण घ्यायचं राहून सरळ झुडपात गेलो. फार लागलं नाही पण तेव्हापासून त्या उताराची धास्तीच बसलीये. एक जण म्हणतो डिस्क (चाकाच्या हबवरच्या चकतीला दाबणारा ब्रेक) लाव, दुसरा म्हणतो व्ही-ब्रेक (लांब आर्मचा, केबल आडवी खेचणारा रिम ब्रेक) लाव. मधूनमधून रेस करतो, बाकी मातीचे रस्ते आणि रोजचं येणंजाणं. आधी काय करू?

पाना_आणि_तेल
आधी काहीच विकत घेऊ नका. तुमच्या दोन तक्रारी आहेत आणि दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

थडथड: तुमच्या पुढच्या ब्रेकची आऊटर केबल, म्हणजे बाहेरची नळी, हेडसेटच्या (हॅंडल फिरतं त्या बेअरिंगच्या) वर एका हॅंगरमध्ये, म्हणजे केबल अडकवायच्या पट्टीत, संपते ना? तिथून नुसती इनर, म्हणजे आतली तार, खाली ब्रेकपर्यंत येते. ब्रेक दाबला की फोर्क मागे वाकतो, थोडासाच, पण त्यामुळे वरचा हॅंगर आणि खालचा ब्रेक यांच्यातलं अंतर वाढतं, म्हणजे तुम्ही बोट हलवलं नाही तरी केबल आणखी ताणली जाते आणि ब्रेक आणखी आवळतो. मग चाक निसटतं, फोर्क सरळ होतो, केबल ढिली पडते, परत पकडते, असं सेकंदात कितीतरी वेळा. यात ब्रेकचा दोष कमी आणि केबल कुठे अडकवलीये त्याचा जास्त. फोर्कच्या क्राऊनला, म्हणजे दोन पाय वर जुळतात तिथे, पुढून भोक असेल तर तिथे बसणारा हॅंगर मिळतो, तो लावा. त्यात हॅंगर आणि ब्रेक दोन्ही फोर्कवरच असल्यामुळे ते अंतर जवळजवळ बदलतच नाही. त्याआधी पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकला आणि हेडसेटवर बोट ठेवून बघा, खडखड लागली तर आधी तो आवळा. आणि पॅडला टो-इन द्या, म्हणजे पॅडचं पुढचं टोक रिमला आधी टेकलं पाहिजे, मागे साधारण १ मिमी फट. मी पॅडच्या मागच्या टोकाला रबरबॅंड गुंडाळतो, लिव्हर दाबून धरून बोल्ट आवळतो आणि मग रबरबॅंड काढून टाकतो.

ताकद: दोन्ही आर्म जोडणारी आडवी केबल, स्ट्रॅडल, ती किती उंच आहे? ती जितकी खाली तितका जोर जास्त, कमी उंचीच्या आर्मवर तर हा फरक चटकन जाणवतो. पण खाली आणली की पॅड रिमच्या जवळ ठेवावे लागतात आणि चिखलाला जागा कमी पडते, त्यामुळे थोडं थोडं करत बघा. लिव्हर दगडासारखा कडक लागला की ब्रेक भारी असा खूप जणांचा समज असतो, पण कॅंटिलिव्हरमध्ये बहुतेक वेळा ते उलटं असतं, थोडा मऊ लागणारा लिव्हर जास्त जोर देतो.

पॅड काढून उजेडात बघा. रबरात चांदीसारखे चमकणारे कण दिसले तर ते तुमच्याच रिमचे आहेत, सुईने एकेक उकरून काढा. ओल्यासाठी कूल-स्टॉपचे सॅमन रंगाचे पॅड मी वर्षानुवर्षं वापरतोय, ओल्यात साध्या काळ्या पॅडपेक्षा कितीतरी आधी पकडतात. रिम कार्बनची असेल तर मात्र हे चालणार नाहीत, त्याचे पॅड वेगळे असतात.

तेहतीस_मिमी
वरचं सगळं पटलं. मी तरी शेवटी पुढे मिनी-व्ही, म्हणजे आखूड आर्मचा व्ही-ब्रेक, लावला आणि मागे कॅंटिलिव्हर तसाच ठेवला. साधा व्ही-ब्रेक रोडच्या लिव्हरला लावू नका, त्याचे आर्म १०० मिमीच्या वर असतात, त्याला जेवढी केबल खेचावी लागते तेवढी रोडचा लिव्हर खेचतच नाही, लिव्हर हॅंडलला टेकतो तरी धड ब्रेक लागत नाही. मिनी-व्हीचे आर्म ८० ते ९० मिमीचे, टीआरपीचा सीएक्स ८.४ आणि टेक्ट्रोचा आरएक्स ५ हे त्यातलेच, बसतात त्याच बॉसवर (ब्रेकचे आर्म बसतात त्या खुंट्यांवर). आणि आऊटर थेट आर्मवरच संपते त्यामुळे ती थडथड राहातच नाही, क्राऊनला भोक नसेल तर हाच सरळ मार्ग.

तोटा पण सांगतो. पॅड रिमला अगदी खेटून ठेवावे लागतात, चाक जरा जरी आऊट (वाकडं) असेल की घासतं, आणि चिकट माती असली की दोन फेऱ्यांत पॅडपाशी एवढी गच्च भरते की चाक फिरवायलाच जोर लागतो. केबलमध्ये एक ॲडजस्टर (केबल ढिली-घट्ट करायचा स्क्रू) नक्की टाका, नाहीतर चाक काढताना टायरची हवा सोडायची वेळ येते.

उतारप्रेमी
मी डिस्कवाला आहे आणि मनापासून सांगतो, ओल्यातला फरक बघितला की परत फिरावंसं वाटत नाही. पण तुमच्या फ्रेमवर कॅलिपरची (डिस्क दाबणाऱ्या भागाची) जागा आहे का ते आधी बघा. यूसीआयने (जागतिक सायकलिंग संघटनेने) सायक्लोक्रॉसमध्ये डिस्कला परवानगी दिली २०१० मध्ये, त्याआधीच्या रेसच्या फ्रेमवर ती जागा बहुतेक नसतेच. नसेल तर विषय संपला. ॲडॉप्टर लावून जोडायचा कुणी सल्ला दिला तर ऐकू नका, डिस्कचा सगळा जोर फोर्कच्या एका पायावर खाली येतो आणि रिम ब्रेकचा फोर्क त्यासाठी बनवलेलाच नसतो, कार्बनचा तर नाहीच नाही. म्हणजे डिस्क म्हणजे फ्रेम, फोर्क, हब, चाकं सगळंच नवीन. याला अपग्रेड म्हणत नाहीत, ती दुसरी सायकल झाली.

दुसरी घेतलीच कधी तर केबलवाल्या डिस्कमध्ये टीआरपी स्पायरसारखा दोन्ही बाजूंनी दाबणारा घ्या, त्यात रोटर, म्हणजे डिस्कची चकती, एका बाजूला ढकलला जात नाही. ब्रेकसाठी बनवलेली न दबणारी आऊटर टाका, लिव्हरचा स्पंजीपणा जातो. गिअरची आऊटर मात्र ब्रेकला कधीच लावू नका, जोर आला की ती फुटू शकते. हायड्रॉलिक (केबलऐवजी तेलावर चालणारा) असेल तर त्यात मिनरल ऑइल की डॉट ब्रेक फ्लुइड ते बघा, एकाच्या जागी दुसरं घातलं की आतले सील खराब होतात. आणि चिखलात सिंटर्ड, म्हणजे धातूच्या भुकटीचे, पॅड. माझे रेझिनचे नवे पॅड एका ओल्या रेसमध्ये पत्र्यापर्यंत गेले होते, शेवटच्या फेरीत धातूवर धातू घासल्याचा आवाज येत होता. फक्त रोटरवर रेझिन पॅडच वापरा असं लिहिलेलं नाही ना ते बघून घ्या.

चिखलवाट
सगळ्यांचे खूप आभार. फ्रेमवर डिस्कची जागा नाही, त्यामुळे तो विषय बाजूला. क्राऊनला भोक होतं! हॅंगर लावला, नवे पॅड टाकले, टो-इन दिला, स्ट्रॅडल दोन बोटं खाली आणली. काल पाऊस पडून गेल्यावर मुद्दाम त्याच उतारावर गेलो. वरून दोनदा चालत खाली-वर केलं, धीरच होत नव्हता, मग बसलो. थडथड अजिबात नाही. ओल्यात चाकाचा पहिला अर्धा फेरा पाणी पुसण्यात जातो, त्यानंतर हळूहळू जोर येतो, एकदम झटका बसत नाही. झुडपाच्या अलीकडे आरामात वळलो, खाली पोचल्यावर छाती धडधडत होती पण आनंदाने.

जुन्या पॅडमधून सात-आठ चकचकीत कण निघाले. रिमला स्टीलची पट्टी आडवी लावली तर मध्ये उजेड दिसतोय, म्हणजे भिंत आत खोलगट झालीये. अजून चालवू का?

पाना_आणि_तेल
वाचून फार बरं वाटलं. रिम मात्र बदला आणि ती बदलेपर्यंत टायरमध्ये जास्त हवा भरू नका. मातीने झिजलेली भिंत हवेच्या दाबाने बाहेर फाटते, आणि ती पुढच्या चाकाची असेल तर सावरायला वेळच मिळत नाही. बऱ्याच नव्या रिमवर झीज दाखवणारी बारीक खाच असते, ती दिसेनाशी झाली की बदलायची.

अजून एक, आधीच सांगायला हवं होतं. पुढची इनर कधी तुटली तर स्ट्रॅडल टायरवर पडते आणि सायक्लोक्रॉसच्या गोट्या-गोट्यांच्या टायरमध्ये अडकून चाक जागच्या जागी थांबवते. पुढे मडगार्ड असलं तर ती त्यावरच अडते, तुमच्या सायकलला आहे का?

चिखलवाट
नाही, रेससाठी काढून ठेवलंय.

पाना_आणि_तेल
मग क्राऊनच्या त्याच बोल्टवर रिफ्लेक्टरची छोटी पट्टी टायर आणि स्ट्रॅडलच्या मध्ये येईल अशी बसवा, टायरला चिखल लागला तरी घासणार नाही इतकी जागा सोडून. आणि लिव्हरच्या आत इनरचं डोकं जिथे बसतं तिथे तारा सुटायला लागल्यात का ते आजच बघा, इनर बहुतेक वेळा तिथेच तुटते.